कापू नका, काका

उजव्या हाताची दोन बोटं वर, डोळे मिटलेले, आणि तोंडात एकच वाक्य. "कापू नका, काका."

हा माणूस आठवला की मला आधी ती दोन बोटं दिसतात आणि लगेच डोकं तापतं. तुम्ही म्हणाल, दोन बोटांत डोकं तापण्यासारखं काय आहे? मे महिन्यात, बंद खोलीत, पंखा बंद करून तुम्ही त्या बोटांसमोर बसला असता तर असं म्हणाला नसता.

आधी खोलीचं सांगतो. पांढुर्ण्यात माझं प्रचाराचं दुकान आहे. ऑटोवर भोंगा लावून गावभर जे काही ओरडत फिरतं ना, साड्यांचा सेल, सर्कस, निवडणूक, उद्या नळ येणार नाहीत, कोणाची म्हैस हरवली, ते सगळं माझ्या आवाजात असतं. दुकानाच्या मागे रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. तिच्या भिंतींना मी पिंजाऱ्याकडून कापसाच्या गाद्या भरून घेऊन ठोकल्या आहेत. छतालाही ठोकल्या आहेत. दार लावलं की बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी आत कळत नाही. दारावर मी 'स्टुडिओ' असं लिहून ठेवलं होतं, ते आपलं हौसेनं. तिथे खरोखर कोणी अल्बम करायला येईल असं बापजन्मात वाटलं नव्हतं.

माझ्या धंद्यात बोलणं कमी आणि कापणं जास्त. ऑटो चौक ओलांडतो तेवढ्यात सगळं सांगून झालं पाहिजे. म्हणून रेकॉर्डिंग झालं की दोन वाक्यांमधला श्वास कापायचा, शब्दामागं लोंबणारं शेपूट कापायचं आणि एकाला एक चिकटवायचं. माझा हात त्यात इतका बसला आहे की घरी बायको बोलताना मध्ये थांबली तरी मला ते कापावंसं वाटतं.

फक्त एका कामात मी कापत नाही. गावात कोणी वारलं की. तेव्हा आधी नाव सांगायचं. मग थोडी शांतता. मग कोणाचे वडील, कोणाचे काका. पुन्हा शांतता. मग अंत्ययात्रेची वेळ. भोंग्यातून नाव आलं आणि पुढं शांतता पडली की आमच्या इथल्या बायका गॅस बारीक करून दारात येतात. माणसं गाडी बाजूला लावतात. हे गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे, कोणाला शिकवावं लागत नाही.

तर हा माणूस म्हणजे आमच्याच गल्लीतला गुरुजींचा मुलगा. गुरुजी मराठी शाळेतून रिटायर झालेले. मला त्यांनीच पाचवीत शिकवलं, मारलंही भरपूर. दर गुरुवारी त्यांच्या घरी भजन असतं, पेटी ते स्वतः वाजवतात. मुलगा लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून गायचा. त्याचा आवाज ऐकून बाजार थांबायचा असं म्हणणार नाही, पांढुर्ण्याचा बाजार कशानंच थांबत नाही. पण समोरच्या पानठेल्यावर चुना लावणारा हात थांबलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

मग पोट्टा शिकायला नागपूरला गेला, तिथून पुण्याला गेला, आणि तिशीला टेकल्यावर एक बॅग, एक लॅपटॉप आणि एक माईक घेऊन परत आला. भजनात बसला नाही. गुरुजींनी पेटी पुढं सरकवली, यानं मागं सरकवली. त्या दिवसापासून बापलेकांत जेवण आणि औषधपाणी सोडून बोलणं नाही. गुरुजी एवढंच म्हणायचे, "सूर सोडला त्यानं."

एक दिवस तो दुकानात आला.

"काका, तुमची खोली दुपारी खालीच असते ना?"

"असते. काहून?"

"मले माझा पहिला अल्बम करायचा आहे."

"भजनाचा?"

"नाही ना. पॉप."

"म्हणजे ते नाचायचं?"

"नाचावंसं वाटलं तर नाचा. पण जरा वेगळं आहे."

गुरुजींच्या मुलाला नाही कसं म्हणणार? म्हटलं, ये बाबा. आणि तिथून माझ्या दुपारच्या झोपेला जे ग्रहण लागलं ते कित्येक महिने सुटलं नाही.

पहिल्या गाण्याची चाल इतकी गोड होती की भाजी आणायला जाताना मी ती गुणगुणत होतो. बायको म्हणाली, "आज काय झालं तुम्हाले?" दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो तर या गृहस्थानं त्या चालीच्या मध्ये संत्र्याच्या पेटीला खिळे ठोकल्याचा आवाज टाकून ठेवलेला. ठक, ठक, मग काहीच नाही, मग एकदम ठक. तालात असतं तरी समजलो असतो. चांगलं घर बांधायचं आणि दार भिंतीत अर्ध्यावर बसवायचं, असा प्रकार.

"अबे, चुकला ना हा."

"नाही काका. पेटी ठोकणारा थांबला होता तिथं. तोंडातला खिळा काढायले."

"मग ते कापून टाकतो मी."

दोन बोटं वर. "कापू नका, काका."

असं रोज. कुकरचं झाकण. कापसाच्या जिनिंगच्या बंद शेडमध्ये टाळी वाजवल्यावर येतो तो आवाज. त्याच्या आईचं ताक घुसळणं. आईला कळलं की आपली रवी रेकॉर्ड झाली, तर ती दुसऱ्या दिवशी चांगलं पातळ नेसून ताक घुसळायला बसली. गावातले लोक आपापल्या परीनं सल्ले द्यायचे. जो भेटेल तो म्हणे, गोटमारीचा आवाज घे ना, जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गावं एकमेकांवर दगड फेकतात त्याचा, हिट होईल. हा मान हलवायचा आणि म्हणायचा, "तो तर सगळ्यांनी ऐकला आहे." लोकांना राग यायचा. मलाही यायचा. अरे, जे सगळ्यांना आवडतं ते करायला तुझ्या पोटात दुखतं का?

एकदा म्हणाला, "काका, तिगावच्या स्टेशनवर चला. गाडीचा आवाज घ्यायचा आहे." म्हटलं, चला, एक तरी गोष्ट शहाण्यासारखी. माझी मोटरसायकल काढली. उन्हात प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. तिगावला न थांबणारी एक्सप्रेस धडाडत आली, माझी टोपी उडाली, स्टेशनातली कुत्री भुंकली, काय आवाज होता महाराज! आणि हा माईक काखेत धरून उभा. गाडी गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाला. तेव्हा यानं माईक पुढं केला आणि बटण दाबलं.

मी म्हटलं, "अबे, गाडी गेली ना."

तोंडावर बोट. रूळ बारीक कुरकुरत होते. कुठंतरी एक पत्रा हलत होता. ते सगळं बंद होईपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मी टोपी शोधत फिरलो तर माझ्या चपला रेकॉर्ड होतील म्हणून बिनटोपीचा उन्हात उभा राहिलो. परत येताना मी त्याच्याशी बोललो नाही. तोही बोलला नाही, पण खुशीत होता, त्यामुळे माझा राग वाढला.

तुम्ही विचाराल, मग हाकलून का नाही दिलं? खरं सांगू, दर दोन-चार दिवसांनी तो त्या खिळ्याकुकरांच्या मधून एखादी ओळ अशी गायचा की मी चष्मा पुसत बसायचो. आणि मग पुढच्याच मिनिटाला त्या ओळीचं तो काहीतरी वाटोळं करायचा.

एकदा त्यानं विचारलं, "काका, बाबाच्या मंडळाचं ते जुनं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? न कापलेलं?"

होतं. खूप वर्षांपूर्वी मी हौसेनं गुरुजींच्या घरी जाऊन भजनाची सीडी काढली होती. कापलेली सीडी सगळ्या गल्लीत वाटली, मूळ रेकॉर्डिंग जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडून होतं. मला वाटलं, आला वळणावर. आता बापाचा अभंग घेईल, गुरुजी खूश होतील, सगळं गोड होईल. मी धावत जाऊन कॉम्प्युटरवरची धूळ झटकली.

यानं काय घेतलं असेल? गुरुजी अभंग उचलायच्या आधी एक श्वास घेतात. पोटातून, नाकानं, भात्यासारखा. तेवढाच घेतला. अभंगाचा एक शब्द घेतला नाही.

"एवढा सोन्यासारखा आवाज सोडून तू हवा घेऊन राहिला?"

"लहानपणी मी यावरूनच सुरू करायचो, काका. बाबानं श्वास घेतला की मले समजे, आता."

मला त्या दिवशी एक कळलं. हा सगळा खटाटोप पांढुर्ण्यासाठी नव्हता आणि पुण्यासाठीही नव्हता. एका माणसानं ऐकावं म्हणून होता, आणि तो माणूस दोन घरं सोडून राहत होता.

पण तिथंही घोडं अडलेलं. गुरुजी अधूनमधून दुकानावरून जायचे. आत डोकावायचे नाहीत. पायरीवरून मला विचारायचे, "पुरं झालं का त्याचं? पुरं झालं की ऐकू." मी आत जाऊन सांगायचो. हा म्हणायचा, "होऊनच राहिलं." आणि होत तर काही नव्हतं! झालेलं गाणं उलगडून परत शिवायचा. शेवटच्या गाण्यात वडिलांचा श्वास, आणि त्याच्यापुढं काहीच नाही. तो माईकसमोर उभा राहायचा, श्वास वाजायचा, आणि हा तोंड उघडून मिटायचा. पुन्हा. पुन्हा. मी घामानं निथळत समोर.

शेवटी एक दिवस मी पंखा लावला आणि सांगून टाकलं. "तू घाबरून राहिला आहे. पुरं झालं की बापासमोर ठेवावं लागेल, म्हणून तू पुरंच करत नाही. मले काय दुधखुळा समजतो काय बे?"

तो खूप वेळ गादीवरचा कापूस उपटत बसला. मग म्हणाला, "पंखा बंद करा, काका."

त्या दुपारी त्यानं शेवटचं गाणं गायलं. एका दमात. ना खिळा, ना कुकर. मी त्याबद्दल आता काही बोलत नाही.

अल्बमचं नाव ठेवलं 'दुपार'. इंटरनेटवर टाकला. पुण्याच्या दोन-चार मित्रांनी हृदयाची चित्रं पाठवली. पांढुर्ण्यात कोणी ऐकला नाही. गुरुजी तेव्हा बहिणीच्या आजारपणामुळे रामाकोन्याला गेलेले. हा म्हणाला, बाबा यायच्या आत गावानं ऐकलं पाहिजे. गावानं चांगलं म्हटलं की बाबा ऐकायले बसेल.

गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या पोरांना मी गळ घातली. संध्याकाळी आरतीनंतर 'दुपार' लावली. पहिलं गाणं चाललं होतं, पोरं मानाही हलवत होती, आणि ती पेटी ठोकणाऱ्याची शांतता आली. आमच्याकडे मंडपात गाणं मध्येच थांबलं याचा अर्थ एकच, वायर सुटली. मंडपाचा वायरवाला उडी मारून गेला, पिना काढल्या, पिना खोचल्या, तोवर गाणं आपोआप सुरू झालं. वायरवाल्यानं छाती पुढं काढून सगळ्यांकडे पाहिलं. पुढची शांतता आली, तो पुन्हा धावला. त्यानंतर त्यानं जनरेटर सुरू केला. शेवटी वैतागून म्हणाला, "ही पेनड्राइव्हच खराब आहे," आणि स्वतःच्या मोबाइलवरचं लावून दिलं. पोरं लगेच नाचायला लागली.

मला इतका संताप आला की प्रसाद न घेता घरी आलो. संताप कोणाचा, ते मात्र सांगता येईना. वायरवाल्याचा, पोरांचा, की शांतता टाकणाऱ्या या शहाण्याचा.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "काका, ऑटोवर लावू."

"लाव. मी आपल्या पद्धतीनं करून देतो. 'पांढुर्ण्याचे सुपुत्र, खास आपल्यासाठी, आजच ऐका!' दणदणीत."

"नाही. तुम्ही माझं नाव घ्या. मग थांबा. मग शेवटचं गाणं."

मी खुर्चीतून उठलोच. "अबे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? नाव घेऊन आपल्या गावात कधी थांबतात, माहीत आहे ना तुले?"

"आहे ना. तेव्हाच तर लोक थांबून ऐकतात."

"लोक समजतील तू गेला."

"पहिले समजतील. मग गाणं ऐकतील, समजेल ना त्यांना. कापू नका, काका."

मी हात जोडले. तुझं काम, तुझी मर्जी. माझा ऑटोवाला शेषराव, पंधरवड्यातून एकदा हसणारा माणूस, पेनड्राइव्ह घेऊन निघाला. बसस्टँड, गुजरी, मग पूल ओलांडून सावरगाव.

गाणं ऐकायला थांबतंय कोण! नाव आलं, शांतता पडली, बायका दारात आल्या, आणि पुढं तो श्वास आणि हळू, एकटा आवाज. त्यांनी तिथंच डोळ्यांना पदर लावला. "कोन गेलं वो?" "गुरुजीचा पोट्टा गेला!" "अवं माय, कालच तर दिसला होता." शेषराव निर्विकारपणे पुढं जात राहिला. त्याच्या मागं गाव जमत गेलं. मोबाइलवर कोणीतरी त्याचा लहानपणचा भजनातला फोटो टाकला, भोवती झेंडूची माळ काढलेली, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तासाभरात शेजारच्या सौसरपर्यंत पोचला.

मी धावत त्याच्या घरी गेलो तर अंगणात सतरंजी अंथरलेली. शेजाऱ्यांनीच अंथरली होती. माणसं गुडघे दुमडून बसलेली आणि हा प्रत्येकासमोर जाऊन सांगत होता, "मी आहे ना, काकू. पाहा ना, मी आहे." त्याची आई एका डोळ्यानं रडत होती, एका डोळ्यानं हसत होती आणि मध्येच त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाप्पा. आता आलोच आहोत तर चहा टाक." आणि खरंच चहा ठेवला गेला. मीही थोडा हसलो. गाणं कसं होतं, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. गुरुजी.

त्यांना सावरगावच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून एवढंच सांगितलं होतं, "गुरुजी, लवकर या." पुढं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. ते रामाकोन्याहून निघाले, सौसरला गाडी बदलायला उतरले, आणि तिथं स्टँडवर कोणीतरी मोबाइल पुढं करून तो माळेचा फोटो दाखवला. त्यानंतर सौसर ते पांढुर्णा ते बसमध्ये बसून होते. आम्ही फोन करत होतो, ते उचलत नव्हते. कोण उचलेल?

कपाळावरचा बुक्का पुसलेला होता. ते सरळ मुलासमोर आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग दंडावर, मग मनगट धरलं, ओला कपडा वाळला का ते पाहावं तसं. मग हात काढून घेतला.

"पुरं झालं का तुझं?"

"हो, बाबा."

"झालं मग."

आत गेले आणि आतून कडी लावली.

तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला, माईक गुंडाळला, वायर गुंडाळली. हैदराबादला कोणत्याशा कंपनीत काम होतं, लिफ्टचे आणि मशिनींचे आवाज बनवायचं. टिंग वाजतं ना, ते. मी म्हटलं, चार दिवस थांब, गुरुजींचा राग उतरू दे. म्हणाला, "नाही काका. बाबा आता नाही ऐकणार."

"तर मग जाय!" मी ओरडलो. "एक दिवस सरळ वागला असता तर बिघडलं असतं काय तुझं?"

तो गेला. नागपूरच्या गाडीत बसला असेल तेव्हा मी खोलीत पंखा लावून आडवा झालो. हक्काची झोप. पण तो पंखा इतका आवाज करतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. चिडून उठलो आणि बंद केला.

पुढं संत्र्याच्या गाड्या भरायला लागल्या त्या सुमारास एका दुपारी गुरुजी पायरी चढून आत आले. पहिल्यांदाच. हातात पिशवी, पिशवीत संत्री. ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लाव."

"काय लावू, गुरुजी?"

"त्याचं."

खोलीत नेलं. पंखा बंद केला. ते भजनाला बसतात तसे ताठ बसले, उजवा हात मांडीवर, ताल धरायला. पहिलं गाणं सुरू झालं. हात छान पडत होता आणि ती पेटी ठोकणाऱ्याची जागा आली. हात वरच राहिला.

"चुकला," गुरुजी म्हणाले.

ती जागा पुन्हा आली. हात पुन्हा अधांतरी. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी हात आधीच थांबवला, आणि खिळ्यावर बरोबर टाकला.

"चुकला नाही. मुद्दाम करून राहिला."

रवीचा आवाज आला तेव्हा ते म्हणाले, "हे आमच्या घरचं ताक आहे." तिगावची ती गाडी गेल्यानंतरची शांतता आली तेव्हा मी सवयीनं पुढं ढकलायला हात नेला, आणि काढून घेतला. गुरुजींचे डोळे मिटलेले होते. मग शेवटचं गाणं.

श्वास वाजला. गुरुजींनी डोळे उघडले.

"हे कोण?"

मी गाणं थांबवलं.

"परत लाव."

परत लावलं. तो श्वास, आणि त्या श्वासावर मुलाचा आवाज.

"हा मी आहे," गुरुजी म्हणाले.

"हो, गुरुजी."

गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. ताल धरला नाही. संपल्यावर पुष्कळ वेळानं, भिंतीवरच्या गाद्यांकडे पाहत ते बोलायला लागले. "सौसरपासून मी त्याचा आवाज आठवून राहिलो होतो बसमध्ये. लहानपणचा आठवे. आताचा आठवेच ना. घरात राहून राहिला पोरगा, रोज समोर जेवून राहिला, आणि मले त्याचा आवाज माहीत नाही. कंडक्टर तिकीट मागे, मले समजे ना तो काय म्हणते. राग त्याचा नव्हता रे. मी त्याच्या तोंडाकडे पाहूच शकत नव्हतो."

उठले. चप्पल घातली. मला वाटलं, आता तरी दोन शब्द चांगले बोलतील. दारात वळून म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात निषाद उतरला आहे. त्याले सांग."

"तुम्हीच सांगा ना, गुरुजी. मी लावून देतो फोन."

"तूच सांग. माझ्याच्यानं नाही होत."

आणि गेले. सांगा, या बापलेकांचं करावं तरी काय? एकाला म्हणायचं ते दुसऱ्याच्या तोंडानं, आणि मध्ये मी, साड्यांचे सेल ओरडणारा माणूस. संत्री टेबलावर तशीच. मी चिडून फोन लावला.

"हां काका, बोला." मागं कुठलीशी लिफ्ट टिंग टिंग करत होती.

"तुझ्या बापानं ऐकलं."

टिंग.

"किती?"

"सगळं. शेवटचं परत लावायला लावलं. तिसऱ्यात निषाद उतरला म्हणे."

पलीकडे काही नाही. लिफ्टही वाजेना, बहुतेक तो कुठल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला असावा. मी फोनवर कामाचं बोलणं झालं की ठेवतो, 'ठेवतो' असंही म्हणत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. कोणी असा गप्प राहिला तर 'बोल ना बे' म्हणून खेकसतो. अंगठा बटणावर गेलेला होता.

खोलीत उकडत होतं, पंखा अजून बंदच होता. मग फोनमध्ये त्यानं एक श्वास घेतला, पोटातून, नाकानं. पुढं बोलेल म्हणून मी थांबलो. बोलला नाही. मी फोन कानाला धरून बसून राहिलो, कापला नाही.